वाल्मीकच्या दातांचा मानपान

माणसाला दात निसर्ग देतो, पण त्यांचा रंग कोणता असावा हे ठरवण्याचा अधिकार नातेवाइकांचा असतो. ही व्यवस्था फार जुनी असून ती बदलावी असं सहसा कुणाला वाटत नाही. (ज्यांना वाटलं, त्यांची लग्नं जमली नाहीत.)

नाशिकच्या एका सरकारी कचेरीत कनिष्ठ लिपिक असलेल्या वाल्मीकचे दात पिवळसर होते. किडलेले नव्हते, हलत नव्हते, उसाचं कांडं सोलायला त्याला कधी कोयता लागला नव्हता. जुन्या फायलीतल्या कागदाचा असतो तसा फक्त त्यांचा रंग होता. याच दातांवर त्याने अकरावी पास केली, नोकरी मिळवली आणि अठ्ठावीस वर्षं भाकरी खाल्ली. १९७८ सालापर्यंत या रंगाबद्दल एकही तक्रार दाखल झाली नव्हती.

मग लग्नासाठी फोटो काढायचं ठरलं आणि घात झाला. रविवार कारंज्याजवळ सावळीरामचा स्टुडिओ होता. सावळीराम हाडाचा कलावंत. निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून तो गिऱ्हाइकाला देवाकडून द्यायचं राहून गेलेलं सगळं देऊन टाकी. वाल्मीकचे दात त्याने असे शुभ्र केले की फोटो बघून त्याची आई कुसाबाई म्हणाली, "ह्यो कोण हाये?" पुढे तिने मुलाला शर्टावरून ओळखलं.

हा फोटो निफाडजवळच्या एका घरी गेला आणि तिकडून मुलीचा फोटो आला. मुलीचं नाव लता, खेड्यातल्या शाळेत शिक्षिका. लग्नाच्या फोटोत मुलीने मयताला आल्यासारखं तोंड करावं असा तेव्हा रिवाज होता, पण ही मुलगी चक्क हसत होती. वाल्मीकने तो फोटो कचेरीच्या खणात ठेवला आणि आवक-जावक बघायच्या निमित्ताने तो दिवसभर खण उघडू लागला. आधीच्या चार मुली प्रत्यक्ष पाहून त्यांची नावंही तो विसरला होता. ही अजून पाहिली नव्हती, तरी तिच्यावाचून त्याला करमेना.

आठवड्याभरात निरोप आला. पसंती आहे, तीन आठवड्यांनी पाहायला या. मुलीला मुलाचं हसणं फार आवडलं.

जे हसणं मुलीला आवडलं होतं ते सावळीरामच्या पेन्सिलीतून उतरलेलं होतं, आणि निफाडला जायचं होतं वाल्मीकला. हे स्थळ हातचं गेलं तर आपण पुन्हा पाहायलाच जायचं नाही, असं त्याने ठरवून टाकलं.

तो आधी दातांच्या डॉक्टरांकडे गेला, हे त्याच्या बाजूने नमूद केलं पाहिजे. डॉक्टरांनी तोंडात डोकावून सांगितलं, "दात उत्तम आहेत, रंग जन्माचा आहे. सकाळी आणि रात्री मऊ ब्रशने घासा. घरचे उपाय करून थोडा मळ जाईल, पण खरखरीत आणि आंबट काही चोळाल तर वरचं कवच झिजेल आणि आतला पिवळा रंग जास्तच दिसेल." वाल्मीकला हे पटलं नाही. ज्याने आपल्याला काहीच खायला, प्यायला, चोळायला सांगितलं नाही, तो कसला डॉक्टर?

तोवर बातमी भावकीत फुटली होती.

लग्नघरी उपाय सांगणं हा नातेवाइकांचा मान असतो. उपाय दाताला लागो न लागो, नाकारला तर माणसाला लागतो. असा लागलेला माणूस लग्नाला येत नाही, आणि आलाच तर मांडवात जेवत नाही. त्यामुळे कोणता उपाय गुणकारी हा प्रश्नच नव्हता. आधी कुणाचा करायचा, एवढाच प्रश्न होता. वाल्मीक सरकारी माणूस. त्याने सेवाज्येष्ठता लावली.

पहिला मान थोरले चुलते कोंडाजी यांचा. शेणीची राख आणि मीठ मिळून केलेली त्यांची राखुंडी हिरड्या सोलून काढी. त्यानंतर कारभारीमामांचं लिंबू.

"आरं, लिंबाची फोड चोळ. मी जल्मभर तेच केलं."

"पण मामा, तुमच्या तोंडात तर एकही दात नाही."

"आता नाय. पण पडूस्तोवर पांढरे व्हते!"

वाल्मीकने लिंबू चिरलं. तिसरा मान गोजराआत्याचा. तेलात कालवलेली हळद. त्या हळदीने दात चार दिवस झेंडूसारखे दिसले. (आत्याच्या मते मळ बाहेर येत होता.) चौथी कुसाबाई. ती स्वतः दिवसातून पाच वेळा मिश्री लावून ओट्यावर बसे. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू, पण दातांना लावली की ती तंबाखू राहत नाही अशी समजूत आहे. कुसाबाईचे दात काळेभोर होते. त्यावर तिचं म्हणणं, "पांढरं व्हायला आधी दात तर जाग्यावर पायजे!"

बाभळीचा कोळसा हेडक्लार्कांनी सुचवला. ते नात्यातले नव्हते, पण गोपनीय अहवाल त्यांच्या हातात असल्यामुळे त्यांना सख्ख्या चुलत्याचा दर्जा देण्यात आला.

एकंदर अकरा जणांनी उपाय सांगितले. त्या सर्वांच्या तोंडात मिळून एकशे चार दात होते आणि त्यांतला एकही पांढरा नव्हता. आख्ख्या आळीत पांढरे दात फक्त शेजारच्या धोंडाबाईंचे. त्यांना विचारलं तर त्या म्हणाल्या, "काय नाय बा. घासते, न् जेवल्यावर चूळ भरते." त्यांचं म्हणणं अर्थातच विचारात घेतलं गेलं नाही.

तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस वाल्मीकचे दात सकाळी कोळशाने करडे, दुपारी हळदीने पिवळे आणि संध्याकाळी मूळ रंगाचे दिसत. आंबले तर असे होते की समोरचा माणूस जोरात बोलला तरी त्याच्या वाऱ्याने कळ येई.

अशा अवस्थेत मंडळी निफाडला पोहोचली. द्राक्षांचा हंगाम होता. मुलीच्या वडिलांनी, सहादूअण्णांनी, मळ्यातून नुकतीच तोडलेली आंबटगोड द्राक्षं पुढे ठेवली. वाल्मीकने घड हातात घेतला, डोळ्यांत पाणी आणून त्याच्याकडे पाहिलं आणि परत ठेवला. चहा आला, तो त्याने ओठांना लावून सोडला. कुणी काही विचारलं की मिटल्या तोंडाने तो "हूं" म्हणे.

लता पदर तोंडाशी धरून बसली होती. नाव विचारलं तेवढं पदराआडून सांगितलं. बाकी सगळ्याला तीही "हूं"च म्हणाली. वाल्मीकने तिच्या हसण्याची तासभर वाट पाहिली. ती हसली नाही. आपलं बिंग फुटलं, ही आता नाही म्हणणार, असं वाटून त्याचा जीव थोडा थोडा झाला.

"पोरगा वजनदार हाये," सहादूअण्णा म्हणाले. "फालतू बोलत नाय."

"पोरगी मर्यादेची हाये," कुसाबाई म्हणाली. "दात म्हणून दिसू दिला नाय."

सुपारी तिथेच फुटली.

वैशाखात लग्न लागलं. अकराही मानकरी आले आणि सगळे जेवले. हळदीच्या दिवसापर्यंत कुणाचाही उपाय बंद झाला नव्हता.

लग्नानंतरच्या पहिल्या सकाळी लताने माहेरची ट्रंक उघडली. आतून राखुंडीची पुडी, कोळशाची डबी आणि वाळलेली लिंबं निघाली. वाल्मीक बघतच राहिला. तिनेही त्याच्या कोनाड्यातल्या तसल्याच पुड्या-बाटल्या पाहिल्या.

"फोटो सावळीरामकडं काढला होता का?" तिने हळूच विचारलं.

"हो. तुम्ही?"

"मीपण. तुमच्याकडं उपाय कुणी कुणी सांगितले?"

"अकरा जणांनी."

"आमच्याकडं नुसत्या मावश्याच पाच!" आणि ती खदखदून हसली. दात गव्हाळ होते, एक जरा वाकडा होता, आणि हसणं अगदी फोटोतलंच होतं. तिथे सावळीरामची पेन्सिल पोहोचली नव्हती. वाल्मीकला इतका आनंद झाला की त्याने गरम चहाचा मोठा घोट घेतला, आणि मग बराच वेळ गाल धरून बसला.

उपायांचा हेतू लग्न जमावं हा होता. लग्न जमलं. सबब उपाय गुणकारी ठरले. मामा सांगतात लिंबाने जमलं, आत्या सांगते हळदीने, आणि पुढच्या पाच-सात वर्षांत लग्नाळू मुलगे लांबलांबून वाल्मीककडे येऊ लागले. तो प्रामाणिकपणे सांगे, सकाळी-रात्री ब्रश करा, चूळ भरा. पोरं उठून जात आणि बाहेर म्हणत, लग्न झालं ना, आता खरं कशाला सांगतोय.

शेवटी माणसं दुखवायचा त्यालाही कंटाळा आला. आता तो जांभळाच्या बियांची पूड आणि सैंधव असा एक उपाय सांगतो. तो त्याने एका दुपारी कचेरीत बसून तयार केला आहे. तेव्हापासून सगळे त्याच्यावर खूश आहेत.

या उपायाचं प्रमाण इथे मुद्दाम दिलेलं नाही. वाचता वाचता दातांवरून जीभ फिरवून झालीच आहे, तर आता डॉक्टरांनी काय सांगितलं होतं ते मागे न पाहता आठवून बघा. नाही ना आठवत? हरकत नाही. बिया वाळवून घ्यायच्या की भाजून, एवढंच विचारायचं होतं ना तुम्हाला?