हायड्रोजनवाल्यांचं संमेलन

"ईरप्पाकाका, अहो काय केलंत हे! मी 'संमीलन' लिहून दिलं होतं!"

"चुकलं होतं तुझं, पोरी. सुधारून रंगवलं."

महानंदाने फळ्याकडे पाहिलं आणि डोक्याला हात लावला. लाल ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं : 'शनिवारी सायंकाळी हायड्रोजन केंद्रकांचे संमेलन. सर्वांनी यावे.'

"अहो, दोन केंद्रकं एकमेकांत मिसळून एक होतात, त्याला संमीलन म्हणतात!"

"एकत्र येतात न्हवं? मग संमेलनच की! आता रंग वाळला."

बिचारीचं सगळं भवितव्य शनिवारी ती या विषयावर देणार असलेल्या भाषणावर टांगलेलं. मॅट्रिकनंतर तिला कॉलेजात शास्त्र घ्यायचं होतं. आणि तिचे वडील अप्पा, म्हणजे चाटी गल्लीतले कापडवाले शिवलिंगप्पा, म्हणाले होते, "तुझं शास्त्र गल्लीला समजावून दाखव. जमलं न्हाय तर गृहशास्त्र घे. त्यातबी शास्त्र हायच की!"

शुक्रवारी शेजारच्या सावित्रम्माकाकू फळा वाचून आल्या. "हे हायड्रोजन कुठं आलं गं? विजापूरच्या पलीकडं काय? किती जण येणार?"

महानंदाचं डोकं पुस्तकात. पाण्यातल्या अणूंचाच हिशेब चाललेला. ती म्हणाली, "मोजता येणार नाहीत, काकू!"

झालं! काकूंनी गल्लीतल्या झाडून साऱ्या बायका भाकऱ्यांना बसवल्या. शेंगाची चटणी कुटली गेली. एवढे पाहुणे म्हटल्यावर मांडव आला, मांडव म्हटल्यावर लाउडस्पीकर आला, आणि लाउडस्पीकरवर कुणाचं तरी नाव घ्यायला हवं म्हणून अप्पा स्वागताध्यक्ष झाले! भर उन्हाळ्यात लग्नातला कोट घालून, हातात हार घेऊन ते मांडवाच्या दारात उभे राहिले. सहा वाजले, साडेसहा वाजले. गल्ली सगळी जमली, पाहुणा मात्र एकही नाही.

"नंदे, पाहुणे कुटं हायत?" अप्पांनी दात ओठ खात विचारलं.

महानंदाने भरलेल्या मांडवाकडे पाहिलं. गेलं शास्त्र! पण पळणार कुठे? तिने टेबलावरचा पाण्याचा तांब्या उचलला आणि थेट माइकसमोर उभी राहिली.

"पाहुणे यात आहेत!"

सगळा मांडव तांब्यात डोकावायला पुढे सरकला.

"यातल्या जड हायड्रोजनची केंद्रकं एकमेकांना जवळ येऊ देत नाहीत. दहा कोटी अंश तापवली, तरच मिसळतात."

"म्हंजे आपल्या वैशाखापेक्षा जास्त?" काकूंनी विचारलं.

"कितीतरी! आणि मिसळली ना, की या एका तांब्यातून शेकडो लिटर पेट्रोलइतकी शक्ती निघेल! मग कसली वीजकपात? यंत्रमाग रात्रंदिवस चालतील! तिकडे बघा!" तिने मावळतीला हात केला. "सूर्यात हेच चाललंय. कोट्यवधी वर्षं, एक क्षणही न थांबता!"

सगळी गल्ली वळली. रोजचाच सूर्य, पण आज तो कुणी पहिल्यांदाच दाखवावा तसे सगळे तोंड उघडं टाकून बघत राहिले. काकूंनी तर डोक्यावर पदर घेतला.

"मग हे आपल्याकडं कधी येणार?" ईरप्पाने हळूच विचारलं.

"वीस-पंचवीस वर्षांनी."

"बाई गं! आणि भाकऱ्या?" मागून एका बाईचा आवाज आला.

"कडक करून ठेवू की!" काकू म्हणाल्या. हशा पिकला. हार घेतलेल्या अप्पांचा चेहरा लालबुंद झाला. सगळी गल्ली आता त्यांच्याकडेच बघत होती. त्यांनी खाकरून माइक ओढला.

"हसताय काय? एवढे मोठे पाहुणे आणायचे तर घरचं कुणीतरी बोलवायला जायला पाहिजे. आमची नंदा जाईल. कॉलेजात शास्त्र घेणार हाय ती!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. अप्पा खाली वाकून कुजबुजले, "सूर्याचं खरं हाय ना गं? न्हायतर लई फजिती हुईल."

"अगदी खरं, अप्पा!"

अप्पांनी कोटाचं वरचं बटण लावलं आणि हात जोडले. मांडव रिकामा झाला, तरी ते मावळतीकडे तोंड करून उभेच होते. पाहुणा दिसेनासा होईपर्यंत यजमानाने आत जायचं नसतं ना!