निळ्या झाकणाची डबी

एक पियानो. पाच ग्लास गोड चहा. वर्निसबाईंचा लिंबाचा केक. विवाहितांचा बुधवारचा वर्ग. निळ्या झाकणाची एक डबी, रिकामी.

यातला पियानो आधी सटकला.

"मी असताना हमाल कशाला?" असं छाती फुगवून म्हणणारे एल्रॉय मॅब्री, म्हणजे मेम्फिसमधल्या एका चर्चचे डीकन, पाद्र्याच्या हाताखालचे मानकरी, आठ वर्षांचे विधुर, एका बाजूनं पियानोला भिडले. दुसऱ्या बाजूला जावई डेस्मंड. पियानोला ओरखडासुद्धा नाही. डेस्मंडचा खांदा निखळला!

इमर्जन्सीत नर्सनं खांदा बघितला आणि हातात डबी ठेवली. "लघवी द्या. गुप्तरोगाची तपासणी. इथं येईल त्या सगळ्यांचीच करतो. नको असेल तर नाही म्हणा."

"नाही म्ह..."

"नाही?" डीकन गरजले. "नाही कोण म्हणतं? ज्याच्या मनात पाप, तो! माझा जावई नाही म्हणायचा नाही!"

डीकनची मुलगी शरीस नवऱ्याला दारात उतरवून गाडी लावायला गेली होती. एकच हात चालणाऱ्या जावयाला घेऊन डीकन संडासात शिरले. वीस मिनिटं गेली. थेंब नाही.

"बाबा, तुम्ही असे पहाऱ्यावर उभे राहिलात तर कशी होणार?"

"आण इकडे!" सकाळपासून डीकननी ढोसलेला पाच ग्लास गोड चहा केव्हापासून दार ठोठावत होता. "लघवी ती लघवी, जावईबापू. तुझी काय नि माझी काय!"

मंगळवारी निकाल आला. घरातल्या सगळ्यांचे रिपोर्ट शरीसच्याच मोबाइलवर यायचे. क्लॅमिडिया. सापडला.

डेस्मंडची उशी सोफ्यावर जाऊन पडली. मागोमाग डेस्मंड.

"बाबा, सांगा तिला," त्यानं फोन केला.

"सांगतो रे. जरा योग्य वेळ..."

"मी सांगून बघितलं. म्हणाली, 'स्वतःची घाण माझ्या देवमाणूस बापावर टाकतोस?'"

फोन ठेवला तेव्हा देवमाणसाचे कान तापलेल्या तव्यासारखे झाले होते. बुधवारी दाढी करताना आरशात बघवेना, म्हणून त्यांनी डोळे मिटले आणि हनुवटी कापून घेतली.

संध्याकाळी चर्चमध्ये ते स्वतः घेत त्या विवाहितांच्या वर्गात फळ्यावर त्यांच्याच अक्षरात 'निष्ठा'. वर्गाला केक पुरवणाऱ्या वर्निसबाई सुरी घेऊन पहिल्या रांगेत. तेवढ्यात शरीस नवऱ्याला ओढत आत आली. "बाबा, याला विचारा! सगळ्यांसमोर! नाहीतर मी आज वकील गाठते!"

डेस्मंड झोळीतला हात धरून उभा राहिला. नुसता सासऱ्याकडे बघत राहिला. तेच डीकनना सोसेना. ओरडला असता तर बरं झालं असतं!

"डबी त्याची होती," डीकन फळ्याला सांगत असल्यासारखे पुटपुटले. "आतला माल... माझा."



"बाबा!" शरीसनं नवऱ्याची बाही सोडली. "या वयात? आणि काल रात्री याला सोफ्यावर झोपू दिलंत? कोण आहे ती?"

डीकननी ठरवलं होतं, पहिल्या रांगेकडे बघायचं नाही. बघितलं. सगळ्या वर्गानं बघितलं.

वर्निसबाई केक कापत होत्या. अगदी सारखे तुकडे.

पियानो हलवला त्या रविवारी सकाळीच वर्निसबाईंनी, कुणाला न सांगता, क्लॅमिडियावरच्या सात दिवसांच्या औषधाची शेवटची गोळी घेतली होती.