दौऱ्यात एक कार्यक्रमही होता

कलेची खरी थोरवी कळायची तर ती कला एकदा तरी विमानात बसावी लागते, हे आता सर्वमान्य झालं आहे. जमिनीवर असते तोवर तिला वरातीपुढं घाम गाळावा लागतो. समुद्र ओलांडून आली की तिचा सत्कार होतो. कला तीच असते, फक्त शाल नवी असते.

कोल्हापूरच्या ‘स्वरपंचगंगा ऑर्केस्ट्रा’ला हे भाग्य लाभलं त्याची ही हकीकत.

चौदा जणांचा हा संच लग्नाचे स्वागत समारंभ, गणपतीचे मांडव आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस गाजवून होता. कीबोर्ड वाजवणारा प्रसेनजीत हा संचाचा संगीत संयोजक. दिवसा तो एका शाळेत संगीत शिकवायचा (म्हणजे विज्ञानाचे शिक्षक रजेवर असले की त्यांचा वर्ग सांभाळायचा). ढोलकीवर पिराजी. तो वयानं वडिलांच्या जागी, म्हणून प्रसेनजीत त्याला मामा म्हणायचा. मिसरूड फुटल्यापासून पिराजीच्या बोटांना ढोलकी चिकटलेली होती. पण ऐकणाऱ्या माणसाचं तोंड त्यानं कधी नीट बघितलं नव्हतं. स्टेज नेहमी जेवणाच्या रांगेच्या मागच्या अंगाला बांधलेलं असायचं.

“आख्ख्या जिल्ह्याची पाठ वळखतो मी,” तो प्रसेनजीतला सांगायचा. “तोंड समोर आलं तर मातूर सांगता यायचं न्हाय, कुणाचं हाय ते.”

तर या संचाला ऑस्ट्रियातल्या लिंडेनबाख नावाच्या गावाचं निमंत्रण आलं. गाव डोंगराच्या कुशीत, गारगोटीच्या बाजारपेठेत सहज मावेल एवढं. पण तिथं दर उन्हाळ्यात देशोदेशीच्या संगीताचा महोत्सव भरायचा. ऑर्केस्ट्राचे अध्यक्ष हंबीरराव यांची पुतणी तेजस्वी तिथं नोकरीला होती आणि तिनंच शब्द टाकला होता. महोत्सवानं दीड तासाचा कार्यक्रम दिला, शाळेच्या इमारतीत उतरायची सोय केली, स्वयंपाकघरही उघडून दिलं. निमंत्रण चौदा जणांचं आणि संचही चौदा जणांचा. असला योगायोग कोणत्याही जबाबदार संस्थेला परवडत नाही. तातडीनं कार्यकारिणीची सभा बोलावण्यात आली.

कार्यकारिणी आठ जणांची. त्यातल्या एकालाही कोणतंच वाद्य येत नव्हतं, हे मुद्दाम नमूद करायला हवं. कारण त्यामुळंच तिचे निर्णय निःपक्षपाती असत. हंबीररावांची शिरोली एमआयडीसीत फौंड्री होती. स्पीकर वाहायला टेम्पो त्यांचा, म्हणून अध्यक्षपदही त्यांचं. सचिव उदयसिंह एकदा चार दिवस सिंगापूरला जाऊन आले होते, सबब परराष्ट्र व्यवहार त्यांच्याकडं.

सभेत प्रथम कलेच्या प्रसाराबद्दल सगळ्यांनी समाधान व्यक्त केलं. मग हंबीररावांनी सहज विचारलं, “प्रसेनजीत, ह्या तुझ्या कीबोर्डात म्हणं सगळी वाद्यं वाजत्यात?”

“व्हय दादा, वाजत्यात की,” प्रसेनजीत म्हणाला. कीबोर्ड नवा होता आणि त्याबद्दल आजवर कुणी विचारलं नव्हतं, त्यामुळं तो खुलला. त्यानं बटण दाबलं, बासरी वाजली. दुसरं दाबलं, ट्रम्पेट वाजला. मग सॅक्सोफोन, अ‍ॅकॉर्डियन, व्हायोलिन. सभासद मान डोलवत होते आणि उदयसिंह समोरच्या कागदावर प्रत्येक बटणागणिक एकेक नाव खोडत होते. प्रसेनजीतच्या हे लक्षात आलं तेव्हा त्याचं बोट ढोलकीच्या बटणावर पोचलेलं होतं.

“दाब की,” हंबीरराव म्हणाले.

त्यानं दाबलं. ढोलकी वाजली. पिराजी ऑस्ट्रियाला मुकला.

अशा रीतीनं तंत्रज्ञानाच्या साहाय्यानं कलावंतांची संख्या पाचावर आणण्यात सभेला यश आलं. एक गायक, एक गायिका, गिटार, ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड. आठ आणि पाच तेरा. चौदाव्या जागेवर मात्र चर्चा झाली नाही. ती आचाऱ्याची होती, आणि एवढी एकमुखी मंजुरी ऑर्केस्ट्राच्या इतिहासात कोणत्याही गवयाला मिळाली नव्हती. परदेशात गेल्यावर माणसाला तांबडा रस्सा लागतो. किंबहुना तो लागला की माणूस परदेशात आहे हे सिद्ध होतं.

“पर आचारी आणायचा कुठनं?” उदयसिंह म्हणाले. “पासपोर्टवाला पायजे.”

प्रसेनजीतनं घसा खाकरला. गेल्या साली दुबईच्या एका लग्नाची बोलणी चालली होती (ती पुढं फिसकटली), तेव्हा सगळ्या संचानं पासपोर्ट काढून ठेवले होते. “पिराजीमामा रस्सा लई झकास करत्यात,” तो म्हणाला.

आयुष्यातलं पहिलं धादांत खोटं त्यानं संस्थेच्या सभेत बोलून दाखवलं, आणि ते इतिवृत्तात जसंच्या तसं घेतलं गेलं.

त्याच सायंकाळी तो पिराजीच्या घरी गेला. पिराजीनं सगळं ऐकून घेतलं.

“मला चहा करता येत न्हाय, प्रसेनजीत.”

“शिकायचं मामा. दोन म्हैनं हाईत.”

“आणि तितं वाजवायला कोण दील? मी तर आचारी.”

“ते तितं गेल्यावर बघू. ढोलकी तेवढी घ्या.”

पिराजीची बायको शालूबाई दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, “एवढा संसार झाला, हा माणूस कधी चुलीकडं फिरकला न्हाय. आता फिरकणार, ते बी ऑस्ट्रियासाठी.” पण दुसऱ्या दिवसापासून तिनं त्याला शिकवायला घेतलं. पहिल्या पंधरवड्यात शेजारची कुत्रीसुद्धा त्या घराकडं बघेनाशी झाली. तिसऱ्या आठवड्यात रस्सा रश्श्यासारखा दिसायला लागला. चवीबद्दल शालूबाई एवढंच म्हणाली, “लांबच्या देशात चालंल.”

इकडं उदयसिंहांच्या अध्यक्षतेखाली सांस्कृतिक पर्यटन उपसमिती कामाला लागली. मुळात हा दौरा संगीताचा होता. पण संगीत हा संस्कृतीचा एक भाग आणि संस्कृती बघितल्याशिवाय संगीत कसं कळणार, या बिनतोड युक्तिवादानं दोन राजवाडे, तीन चर्च, एक तळं, एक किल्ला, एक चॉकलेटचा कारखाना आणि बर्फ (जिथं असेल तिथं) यांचा समावेश झाला. एवढं सगळं बसवताना कार्यक्रमाची थोडी अडचण व्हायला लागली. उदयसिंहांनी प्रसेनजीतला समजावून सांगितलं की गाण्याचं धृपद तेच तेच पुन्हा येतं. ते एकदाच घेतलं तर दीड तासाचा कार्यक्रम अर्ध्या तासात आटोपतो आणि श्रोत्यांचंही काही नुकसान होत नाही. छापून आलेल्या दौरापत्रिकेत कार्यक्रम शेवटून दुसऱ्या दिवशी, ‘मोकळा वेळ व इतर’ या सदरात होता.

मुंबईहून विमान उडालं तेव्हा पिराजीच्या सामानात एक मोठं पातेलं होतं, पातेल्यात वाकळ होती आणि वाकळीत ढोलकी. स्वयंपाकाच्या सामानाला कार्यकारिणीत कुणी हात लावत नाही, याचा प्रसेनजीतला अंदाज होता.

पर्यटन अत्यंत यशस्वी झालं. ते निरर्थक होऊ नये म्हणून प्रत्येक स्थळाची कोल्हापूरशी तुलना करण्याचं धोरण होतं. तळ्यापेक्षा रंकाळा मोठा ठरला. राजवाडा बरा होता, पण आपल्याकडच्या राजवाड्याला जो रुबाब आहे तो नव्हता. किल्ल्याला पन्हाळ्याची सर नव्हती. एकंदर स्थळांपैकी सुमारे नव्वद टक्के कोल्हापूरपेक्षा कमी भरली. उरलेल्या दहा टक्क्यांच्या वेळी सभासद बसमध्ये झोपले होते. एवढं अंतर कापून हे सिद्ध करून येणं खायचं काम नव्हे.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी सगळी मंडळी किल्ला बघायला बसनं गेली. गायक, गायिका, गिटार आणि ऑक्टोपॅडही गेले. किल्ला कुणाला नको असतो? प्रसेनजीत ध्वनियंत्रणा लावायला मागं थांबला. पिराजीला थांबावंच लागलं, कारण कार्यक्रमानंतर महोत्सवाच्या मंडळींना रश्श्याचं जेवण द्यायचं हंबीररावांनी परस्पर कबूल करून टाकलं होतं.

परतताना वाटेत हंबीररावांना गाईंचा गोठा दिसला. फौंड्रीवाला झाला तरी माणूस कोल्हापूरचा. त्यांनी बस थांबवली. गाईंच्या कासा बघितल्या, वैरण हातात घेऊन बघितली आणि धारोष्ण दूध ग्लासात मागितलं. गोठ्याच्या मालकानं सांगितलं की तसं द्यायला इथं मनाई आहे. “दूध त्येचं, गाय त्येची, पिणार मी. मनाई कोण करतोय?” हंबीररावांनी विचारलं. या तात्त्विक प्रश्नाला मालकाकडं उत्तर नव्हतं, आणि उत्तर मिळाल्याशिवाय निघणं हंबीररावांच्या स्वभावात नव्हतं.

इकडं सहा वाजत आले. लिंडेनबाखमध्ये सहा म्हणजे सहाच असतात. सहा वाजता घरातून निघावं असा तिथं अर्थ नाही. शाळेचं सभागृह भरलं. पिराजी मागच्या स्वयंपाकघरात पातेल्यासमोर घामाघूम झाला होता. फोनवर शालूबाई होती. “कट वर आला का? न्हाय आला? मग हलवू नका. हलवला की गेला,” ती तिकडून सांगत होती. तेवढ्यात प्रसेनजीत आत आला.

“मामा, बस आली न्हाय. चला.”

“कुटं?”

“वाजवायला.”

पिराजीनं डाव तसाच हातात धरला होता. “आरं, रस्सा मोक्याला आलाय. आन् आपुन दोगंच?”

“दोगंच.”

त्याच्या मागोमाग आत आलेली तेजस्वी म्हणाली, “मी बघते रस्सा, तुम्ही जा.” पिराजीनं फोन तसाच ओट्यावर ठेवला, वाकळ सोडली, ढोलकी काढली आणि अंगातल्या एप्रनसकट प्रसेनजीतच्या मागनं स्टेजवर गेला. ढोलकीचा पहिला बोल घुमला तशी तेजस्वी ‘पाच मिनिटांत येते’ असं फोनमधल्या शालूबाईला सांगून सभागृहात गेली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. पातेल्याखालचा जाळ सुरूच होता.

पहिला तुकडा संपला आणि पिराजीनं मान वर केली. समोर दोनशे तोंडं होती. म्हाताऱ्या बायका, शेतकरी, आयांच्या मांडीवरची पोरं, सगळ्यांची तोंडं सरळ त्याच्याकडं. कुणाच्या हातात ताट नव्हतं. कुणी बोलत नव्हतं, कुणी खोकतसुद्धा नव्हतं.  पिराजी प्रसेनजीतकडं वाकला.

“काय चुकलं काय रं?”

“न्हाय मामा. ऐकत्यात.”

“असं?” पिराजी म्हणाला. त्यानं पुन्हा एकदा समोर बघितलं, अगदी एकेक चेहरा, डावीकडून उजवीकडं. मग त्यानं ढोलकी जरा जवळ ओढली. प्रसेनजीतनं कीबोर्डवरच्या तालाच्या सगळ्या बटणांवरचा हात काढून घेतला.

दोघांनी दीड तास वाजवलं. धृपदं गाळली नाहीत. शेवटी माणसं उभी राहिली आणि टाळ्या थांबेनात. तेव्हा काय करायचं असतं हे माहीत नसल्यामुळं पिराजीनं सगळ्यांना हात जोडले आणि एप्रनला डोळे पुसले. पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीनं जवळ येऊन त्याची बोटं आपल्या हातात घेतली आणि तिच्या भाषेत पुष्कळ काहीतरी सांगितलं. त्याला एक शब्द कळला नाही. “व्हय की,” तो म्हणाला.

टाळ्या ओसरत होत्या तेवढ्यात बस आली. हंबीरराव उतरले. सभागृहात जमलेली माणसं बघून त्यांना आनंद झाला आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो रश्श्याबद्दल.

दौरा संपवून मंडळी परत आली. कोल्हापुरात त्यांचा जाहीर सत्कार झाला. लिंडेनबाखच्या रसिकांनी उभं राहून कशी दाद दिली, याचं रसभरीत वर्णन हंबीररावांनी केलं (ते त्यांना तेजस्वीनं सांगितलं होतं). उदयसिंहांनी पडद्यावर फोटो दाखवले, त्यात गाई ठळक आल्या होत्या. कार्यकारिणीच्या आठही जणांना मानपत्रं मिळाली. पिराजीलाही शाल मिळाली, ‘आंतरराष्ट्रीय आचारी’ म्हणून. त्यानं ती खांद्यावर घेतली आणि प्रसेनजीतकडं बघून हसला.

ते हसू प्रसेनजीतला सोसवलं नाही. कुणी बोलावलं नसताना तो उठला, माईक घेतला आणि झालेलं सगळं सांगितलं. बटणाचं, सभेतल्या खोट्याचं, उशिरा आलेल्या बसचं, दीड तासाचं आणि त्या म्हातारीचं.  हंबीरराव खाली बघत होते.  त्याचं बोलणं संपल्यावर पुढच्या रांगेतला एक हात वर झाला.

“ते समदं खरं हाय, सर. पर मागं रस्सा जाळावरच ऱ्हायला न्हवं? त्येचं काय झालं?”

“करपला आसंल,” मागनं कुणीतरी म्हणालं, आणि आख्खं सभागृह एकदम सावरून बसलं. प्रसेनजीतनं माईक ठेवला आणि जाऊन पिराजीशेजारी बसला.

त्या दोघांनी दीड तास नेमकं काय वाजवलं, हे सभागृहात कुणालाच विचारावंसं वाटलं नाही, म्हणून कोल्हापूरकरांना नावं ठेवणं सोपं आहे. पण ते वरच्या हकीकतीतही कुठं आलेलं नाही, आणि इथवर वाचत येताना आपल्यालाही त्यावाचून काही अडलं नाही. आपलंही निम्मं लक्ष स्वयंपाकघरात होतं. तेव्हा वाचकांच्या माहितीसाठी: बुडाला थोडा लागला होता. वरचा चांगला निघाला.