वर्गातली फुकट डिश

स्वस्तात टीव्ही चालवून दाखवीन तर मीच, असं मी जव्हारच्या सगळ्या गुरुजींना ऐकवून आलो होतो.

जामसरच्या पुढे पाड्यावर माझी एका वर्गाची शाळा, मुलं सतरा. दिवाळी झाली की आईबापांमागे तीही कामाच्या गावी जातात आणि मी भिंतींना पाढे शिकवतो. टीव्ही असला तर मुलं राहतील, असं माझं डोकं.

टीव्ही एका देणगीदाराने दिला. केबल डोंगर चढत नाही, इंटरनेट मोबाइल कौलावर ठेवला तरी येत नाही, दरमहा रिचार्ज मागणारी डिश शाळेला झेपत नाही. उरली फुकटची. ती बसवायला जव्हारहून पांड्या आला. दीड तासाने छपरावरून उतरून म्हणाला, की धडे दाखवणारी एकच वाहिनी नीट लागतेय, पण ती गुजराती आहे.

मी डगमगलो नाही. आवाज बंद ठेवायचा. चित्र त्यांचं, मराठी माझी! चार दिवस झकास गेले. पाचव्या दिवशी मला मतदार यादीच्या कामाला तीन आठवडे तहसीलला बोलावलं. रिमोट मी खिचडी शिजवणाऱ्या सखीताईंच्या हाती दिला आणि आवाजाचं सांगायला विसरलो.

परतलो, तर दुसऱ्याच दिवशी तपासणीला साहेब हजर. सात गुणिले सात किती, असं त्यांनी विचारलं. आणि चैती उठली. तिसरीतली चैती, जी दोन वर्षं हजेरीलाही नुसता हात वर करत होती. माझे डोळे भरून आले.

"ओगणपचास," ती म्हणाली.

साहेबांनी कान पुढे करून नाव विचारलं.

"मारुं नाम चैती छे."

साहेबांनी शेरा लिहिला, 'सदर शाळा कोणत्या राज्यात आहे, याचा लेखी खुलासा करावा.'

संध्याकाळी मी पायरीवर बसून तो खुलासा लिहीत होतो, तेव्हा चैतीचा बाप देवराम आला. हात जोडून उभाच राहिला. मला वाटलं, भांडायला आलाय.

"बेस केलात गुरुजी. पोरीला भाषा आली. वापीला कामावर शेठशी आता तीच बोलंल. दिवालीची वाट नाय बघत, उद्याच नेतो."

मी खूप समजावलं. तो सगळ्याला हो म्हणाला आणि सकाळी तिला घेऊन गेला.

बाहेरगावी जाणाऱ्या मुलाला शिक्षण हमी कार्ड द्यावं लागतं, ते मी चैतीला भरून दिलं. फक्त 'माध्यम' हा रकाना कोरा ठेवला.