अंगठ्याला बांधलेली दोरी

यंत्र असो वा माणूस, बिघाड शोधण्याची पद्धत एकच, असे माझे ठाम मत होते. लक्षणे लिहावीत, कारणे क्रमाने तपासावीत, दुरुस्ती करावी आणि निघताना हत्यारे मोजून पेटीत ठेवावीत. तंत्रनिकेतनात मी हे शिकलो आणि कारखान्याच्या देखभाल विभागात छत्तीस वर्षे याच शिदोरीवर काढली. त्यामुळे चौसष्टाव्या वर्षी समुपदेशनाच्या पदविकेला प्रवेश घेतला, तेव्हा मला चिंता एवढीच होती, की उरलेल्या वेळात करायचे काय! वर्गातली मुलेमुली पुस्तकांना कव्हरे घालत होती, तोवर माझा तक्ता तयार होता : 'मनुष्य – सर्वसाधारण बिघाड व उपाय', चार रंगांत.

पहिल्याच प्रात्यक्षिकात मी नापास झालो.

प्रात्यक्षिक साधे होते. एका माणसाशी अर्धा तास बोलायचे, त्याच्या परवानगीने ते ध्वनिमुद्रित करायचे आणि सल्ला द्यायचा नाही. तीन सल्ले दिले की नापास. मी अकरा दिले. दुसऱ्या खेपेस चारच दिले. पण त्यांतला एक आकृतीसह होता.

"काका," आमच्या बाई म्हणाल्या. त्या माझ्या धाकट्या लेकीच्या वयाच्या. "समोर माणूस बसला होता आणि तुम्ही त्याला दुरुस्त केलंत."

"मग? झालं ना काम?"

"काम ऐकण्याचं होतं."

तिसरी संधी शेवटची. ती गेली तर पदविका गेली, आणि पदविका गेली तर वृद्धांच्या विरंगुळा केंद्रात मंगळवारी आणि गुरुवारी मला मिळणार असलेली समुपदेशकाची खुर्चीही गेली. ती खुर्ची मी पाहून आलो होतो. तिचा एक पाय डुगडुगत होता, तोही बसवून आलो होतो.

अपयशाची कारणमीमांसा मी वहीत केली. निष्कर्ष असा, की सल्ला तोंडातून निघण्यापूर्वी दोन सेकंद माझी उजवी तर्जनी वर जाते. हा शोध खरे तर पत्नीचा. "दोन सेकंद कसले," ती म्हणाली, "कधीकधी तर बोट अंघोळ करून बाहेर येतं आणि तुम्ही मागून येता."

म्हणजे पूर्वसूचना उपलब्ध होती. आता सुरक्षा यंत्रणा बसवणे एवढेच उरले. माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याला दोरी बांधायची. ती टेबलाखालून, दाराच्या चौकटीजवळच्या छोट्या कप्पीवरून स्वयंपाकघरात न्यायची. तिथे पत्नीने बसायचे. बोट वर गेले की झटका. समोरच्याची गुप्तता पाळणे हे आमच्या शास्त्रात पवित्र, म्हणून तिने धूर ओढणारा पंखा चालू ठेवायचा. ऐकायचे काही नाही, फटीतून बोटावर लक्ष ठेवायचे.

"मी चाळीस वर्षं तोंडाने सांगतेय, गप्प बसा," ती म्हणाली. "दोरीचं आधी सुचलं असतं तर."

बोलायला तयार झाले ते समोरच्या गल्लीतले शिंपी. त्यांना सगळे मास्तर म्हणत. चार महिन्यांपूर्वी त्यांनी दुकान बंद केले होते. दुपारी चारला ते आले, खुर्चीत टेकले, टेबलावरच्या लांब कापडाकडे क्षणभर पाहिले आणि म्हणाले, "काय बोलू, साहेब? तसं ठीकच आहे. घरातला नळ ठिबकतो, एवढंच."

नळ! कारखान्यात मी सहाशे नळांचा धनी होतो. माझी तर्जनी वर गेली आणि अंगठ्याला नेमका, मोजका झटका बसला. बोट खाली आले. दोन मिनिटांनी पुन्हा तसेच. यंत्रणा चोख चालत होती. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

मग एक चमत्कारिक गोष्ट घडली. माझे हात मांडीवर होते, तोंड बंद होते. फक्त मनात विचार आला, 'वॉशर गेला असणार.' तोच असा हिसका बसला, की डोळ्यांत टचकन पाणी आले.

मास्तर बोलता बोलता थांबले. "साहेब, तुम्हाला लागलं का हो?"

"लागलं," मी म्हणालो. खोटे बोलण्यासारखी माझी अवस्था नव्हती.

त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. ते दुकानाविषयी बोलू लागले. मी मात्र हादरलो होतो. ही बाई आता पाठीमागून विचारही वाचते? खात्री करण्यासाठी मी मुद्दाम मनात म्हटले, 'तोटीच बदलावी.' हिसका! 'निदान आटे तरी तपासावेत.' या वेळी हिसका संपेचना. दोरी ताणलेलीच राहिली, पाय टेबलाखाली ओढला गेला आणि त्यामागोमाग मी कमरेतून पुढे झुकलो. मास्तरांना वाटले, मी जवळ येऊन ऐकतो आहे. तेही पुढे सरकले.

आता उपाय एकच होता. विचारच करायचा नाही. मी डोक्यातले सगळे वॉशर, पाने, आटे बाहेर काढून ठेवले. छत्तीस वर्षांत प्रथमच पेटी रिकामी झाली आणि त्या रिकाम्या जागेत समोरच्या माणसाचा आवाज शिरला.

"दुकानात दिवसभर मशीन वाजायचं," मास्तर सांगत होते. "घरी आलो की ही बोलायची. ती गेल्याला तीन वर्षं झाली. मशीन विकलं. आता दुपारी घरात काही म्हणजे काही वाजत नाही. तो नळ तेवढा ठिबकतो." त्यांनी टेबलावरच्या कापडाची कड सरळ केली. "मी तोटी घट्ट पिळतच नाही, साहेब. राहू दे म्हणतो."

आणि मी तो नळ दहा मिनिटांत ठणठणीत बंद करून आलो असतो, नवा वॉशर भेट देऊन!

मी काहीच बोललो नाही. पुष्कळ वेळ ते बोलले. निघताना त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला.

तीन दिवसांनी बाईंचा फोन आला. "काका, पास. सतरा मिनिटं तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. आणि ते 'लागलं' म्हणालात ना, माझ्या अंगावर काटा आला. कसं जमवलंत?"

"सरावाने," मी म्हणालो.

"सोमवारी सगळ्या वर्गासमोर करून दाखवा."

मी एवढा खूश झालो, की तडक वरच्या मजल्यावरच्या शेजारी वहिनींकडे गेलो. त्यांचा फ्रिज तीन आठवडे बंद होता आणि मी रोज 'उद्या बघतो' म्हणत होतो. तासाभरात सुरू करून दिला. मग खाली येऊन पत्नीला म्हणालो, "हे यश तुझं आहे. माझ्या मनातलं तू ओळखलंस कसं?"

"कुठलं मनातलं? मी गच्चीवर होते."

"केव्हा?"

"मास्तर आल्यावर पाच-सात मिनिटांनी बहिणीचा फोन आला. दोरी नुसती सोडली तर कप्पीवरून निसटली असती. बांधली आपल्या फ्रिजच्या दांडीला आणि गेले. वहिनी मागच्या दाराने आल्या असतील. त्यांचे सगळे डबे आपल्याकडेच नव्हते का?"

त्या फ्रिज उघडत होत्या आणि इकडे माझा अंगठा ओढला जात होता. म्हणजे माझ्या ज्ञानप्राप्तीचे मूळ वहिनींच्या डब्यांत होते. आणि आता त्या डबे ठेवायला येणार नव्हत्या, कारण त्यांचा फ्रिज मी स्वतःच्या हाताने दुरुस्त करून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी मास्तरांच्या घरी गेलो. सोमवारी पुन्हा येता का, हे विचारायचे होते आणि त्याआधी कबुली द्यायची होती. मागे नळ टप्, टप् करीत होता.

"मास्तर, त्या दिवशी माझ्या पायाला—"

"दोरी होती," ते म्हणाले. "तुमच्या टेबलाचं कापड एका बाजूने दोन बोटं आखूड आहे. मी बसतानाच पाहिली."

"आणि तरी बोललात?"

"मग काय तर! मला वाटलं, आपलं ऐकायला कुणी पाय बांधून बसलंय, म्हणजे मध्येच उठून तरी जाणार नाही." ते हसले. "सोमवारी येतो. पण गाठ मी मारणार. तुमची चुकीची होती. अंगठा निळा पडला होता."

छत्तीस वर्षांत माझ्या गाठीला कुणी नाव ठेवले नव्हते. त्या गाठीचे शास्त्र समजावून सांगण्यासाठी मी तर्जनी वर केली. मास्तरांनी बोटाकडे पाहिले.

मी ती तर्जनी मांडीखाली दाबली, त्यांना म्हटले, "बोला," आणि नळाचा आवाज ऐकत चांगला तासभर तिच्यावर बसून राहिलो.