जावळाच्या बोकडाचं काळीज

सूक्ष्मदर्शकात डोकावताच हिंदुरावच्या तोंडचं पाणी पळालं. काचेवरचा तुकडा त्याच्या वडिलांच्या, सोनबाआबांच्या यकृतातला होता आणि तो तपकिरी झाला होता. या तपासणीत तपकिरी म्हणजे कर्करोगाची खूण. बारामतीच्या या प्रयोगशाळेत त्यानं शेकडो काचा रंगवल्या होत्या, पण घरचं माणूस काचेवर कधी आलं नव्हतं.

प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. करुणा यांनी नवं रसायन मागवलं होतं. एकच तुकडा जुन्या पद्धतीनंही रंगवायचा अन् नव्यानंही, मग दोन्ही ताडून बघायचे, असा त्यांचा बेत. जुन्या पद्धतीच्या काचा अजून व्हायच्या होत्या. मन घट्ट करा म्हणत त्यांनी तोवर तुलनेसाठी रंगवलेली निरोगी यकृताची काच घेतली. बघतात तर तीही तपकिरी, आबांच्याहून गडद.

"हा निरोगी तुकडा कुणाचा?"

हिंदुरावला आता सांगणं भाग होतं. प्रयोगशाळेतला नमुना संपला होता. रविवारी गावी, कळसला त्याच्या पोराचं जावळ झालं, तेव्हा बोटाएवढं काळीज, म्हणजे यकृतच, त्यानं गुपचूप बाटलीत टाकून आणलं होतं.

"बोकडाचं, मॅडम," तो म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याचं त्यालाच उमगलं. म्हणजे बोकडालाही कर्करोग! निम्मं गाव जेवून गेलं होतं की.

मॅडम काही सांगायच्या आत हिंदुराव समोरच्या फोनवर पोचला. कळसला त्यानं फोन लावला तो बनाबाईच्या दुकानात. कुणाला सांगू नका, असं बजावल्यामुळं तासाभरात गावभर झालं. दुपारी जीपभर माणसं पोटं धरून दारात हजर. तीनदा रस्सा मागून घेतलेल्या भिमातात्याला तर उभं राहवेना. सोबत आलेले आबा तेवढे निवांत सुपारी कातरत होते. पथ्य म्हणून घरच्यांनी त्यांना नुसता वरणभात वाढला होता.

एवढ्यात मॅडम बाहेर आल्या. "खूळ लागलंय का तुम्हाला? बोकड ठणठणीत होता. यकृतात मुळातच एक जीवनसत्त्व असतं, नवं रसायन त्यालाच चिकटतं. बोकड तपकिरी झाला नसता, तर आबांची काच मी खरी मानली असती. जुन्या पद्धतीत दोघंही स्वच्छ आहेत. आबांना नुसती सूज आहे, साध्या रंगातही तेच दिसतं. गोळ्यांनी उतरेल."

हिंदुराव भर दारात रडला. "आबा, बोकडानं वाचिवलं तुमाला."

आबांचा अडकित्ता थांबला. जावळाचं भाजलेलं काळीज आधी घरातल्या थोरल्या माणसाच्या ताटात, ही त्यांच्या घरची रीत.

"त्यो तुकडा कुणाच्या वाट्यातला काढला व्हतास?"

"तुमच्याच."

"उरलाय का काय?"

"बाटलीत हाय, पण औषधात बुडालाय."

"मग सूज उतरली की दुसरा बोकड बघ," आबा शांतपणे म्हणाले. "आन् ज्याचं पोट दुखतंय त्याला आवतान दिऊ नगंस."

जीपभर माणसांनी पोटावरचे हात एकदम काढले.