निंबाखालची एक गाडी

डोमाजींना जगातली कुठलीही बातमी सांगा, ते शांतपणे ऐकून घ्यायचे आणि शेवटी एकच प्रश्न विचारायचे, "ते समदं ठीक हाये. पन बैलाचं काय?"

निजामाचं राज्य गेलं तेव्हा आदिलाबादच्या चौकात लोक अनोळखी माणसांनाही मिठ्या मारत होते. मी धापा टाकत डोमाजींकडे गेलो. ते तेव्हा आमच्या मालकांच्या मोकळ्या जमिनीची राखण करायचे. म्हटलं, "डोमाजी, राज्य बदललं!" त्यांनी हातातला कडबा खाली ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "बरं झालं. पन बैलाचं काय?" पुढे बरीच वर्षं मी त्यांच्यासोबत काढली, पण या प्रश्नाचं उत्तर कधी माझ्याकडे तयार नसायचं.

त्याच जमिनीवर मालकांनी टॉकीज बांधायची ठरवली. मी त्या टॉकीजच्या पाट्या रंगवायचो, म्हणून हे सगळं मला जवळून दिसलं. आज त्या टॉकीजसमोर मोटारसायकलींचा एक पुंजका उभा असतो आणि बाकी मैदान रिकामं असतं. नवीन माणूस हमखास विचारतो, "खुर्च्या एवढ्याशा, आणि पार्किंग एवढं मोठं काऊन?" कोणी म्हणतं मालकाला जमिनीची हाव होती, कोणी म्हणतं इथे जत्रा भरवायचा बेत होता. खरं कारण डोमाजी आहे.

मालकांनी कागदावर टॉकीज मोठी काढली होती आणि अंगण वीस गाड्यांचं. डोमाजींना कागद कळत नव्हता. त्यांनी एक बैलगाडी आणली, जागेवर उभी केली, बैल सोडले, दावणीला बांधले, पुन्हा जुंपले आणि गाडी वळवली. जिथून जिथून चाक गेलं तिथे फक्की टाकली. पांढरा गोल केवढा मोठा झाला म्हणता! मालक बघतच राहिले.

"मानूस खुर्चीवर गुमान बसते जी," डोमाजी म्हणाले. "बैलाले बसाले जागा लागते, लोळाले लागते, शिंगं हालवाले लागते. अन् खेळ सुटला का समदे एकदमच जुंपतेत."

"म्हणून काय टॉकीज लहान करू?"

"मंग गाड्या कोठी ठेवता? खुर्चीवर?"

टॉकीज लहान झाली. मालक तसे हिशेबी होते, पण बेल्यापासून नेरडीगोंड्यापर्यंतची गिऱ्हाइकं गाडीनेच येणार, एकेका गाडीत दोन-दोन घरं भरून येणार, हे त्यांनाही दिसत होतं. बाजाराच्या दिवशी दुपारचा खेळ लागला की मैदानात गाड्याच गाड्या असायच्या आणि त्यांच्या मधोमध डोमाजी, हातात निरगुडीची काडी घेऊन. त्यांनी प्रत्येक गावाला जागा नेमून दिली होती. बेल्याकडच्या गाड्या उत्तरेला, नेरडीगोंड्याच्या दक्षिणेला, किनवटाकडच्या पश्चिमेला. म्हणायचे, "बैलाचं तोंड घराकडं पायजे. त्याले मंग इथं करमते." लोक त्यांना गाडीदरोगा म्हणायचे. चेष्टेत म्हणायचे, पण काडी जिकडे वळेल तिकडेच गाडी लावायचे.

हा माणूस कधी टॉकीजच्या आत गेला नाही. खेळ सुरू झाला की भिंतीच्या पत्र्याला पाठ टेकून मैदानात बसायचा आणि आतून येणाऱ्या आवाजावरून बैलांना गोष्ट सांगायचा. बैल रवंथ करत असत, वारा कडब्यातून फिरत असे आणि डोमाजींचा आवाज त्यात मिसळून जात असे. पाट्या वाळत घालून मीही तिथे बसायचो आणि माझे डोळे जड व्हायचे. त्या दुपारी मला अजून अधूनमधून स्वप्नासारख्या आठवतात. मी आतला खेळ पाहिलेला असायचा, त्यामुळे मला ठाऊक होतं की डोमाजींची गोष्ट वेगळीच चालली आहे. आत बायका हुंदके देत असल्या की ते म्हणायचे, "बाई आजारी हाये. व्हते बरी." आत गोळी सुटली की म्हणायचे, "दार लावलं कोनी तरी जोरानं." त्यांच्या खेळात कधी कोणी मेलं नाही.

आता निंबाचं सांगतो. मैदानाच्या पश्चिमेला एक निंब होता आणि भर उन्हात त्याच्याखाली गार सावली असायची. तिथे चुना लावलेले चार दगड मांडून ठेवलेले होते आणि त्या चार दगडांत डोमाजी कोणालाही गाडी सोडू देत नसत. तहसीलचे पेशकार एकदा टांग्याने आले, त्यांनाही नाही. "लागली हाये जागा," एवढंच बोलायचे. कोणाची लागली आहे हे सांगत नसत. मला वाटायचं, म्हाताऱ्याला लहर आली असेल.

मग भाषेप्रमाणे राज्यं झाली. किनवट तालुका मुंबई राज्यात गेला, आम्ही आंध्रात आलो. माझी तर दमछाक झाली. निजामाच्या वेळी उर्दू अक्षरं वर असायची, आता तेलुगू वर आली आणि माझं तेलुगू तर आधीच सगळं गोलगोल व्हायचं. डोमाजी माझ्या पाटीकडे बघून म्हणाले, "काहाले जीव काढतं पेंटर? कोनचंबी अक्षर काढ, बैलाले वाचता येत नाई."

पण त्या बदलाने त्यांनाही गाठलं. एका सकाळी मालक मैदानात आले आणि म्हणाले, "डोमाजी, पश्चिमेची गावं आता दुसऱ्या राज्यात गेली. ते लोक आता तिकडंच जातील. निंबाकडची बाजू मी कापसाच्या व्यापाऱ्याला देऊन टाकतो."

मी डोमाजींच्या तोंडाकडे पाहत होतो, आता बैलाचं विचारतील म्हणून. त्यांनी विचारलं नाही. म्हणाले, "मालक, एक बाजार थांबा. मैदान भरलं त ठेवा, नाई भरलं त द्या." मालकांनी मान हलवली.

ते गेल्यावर डोमाजी निंबाखाली बसले आणि मला जवळ बोलावलं. त्यांची मुलगी रुखमा किनवटाकडच्या एका गावात दिलेली होती, हे मला त्या दिवशी कळलं.

"टॉकीजचं पयलं साल होतं," ते सांगू लागले. "इवाई आले, छपराची दमनी गाडी घेऊन. रुखमा मांगं बसली होती. त्याईले उशीर झाला, त्याईच्या गावाची रांग भरली होती. मले म्हनते, निंबाखाली सोडतो, मी पोरीचा सासरा होय. अन् म्या काडी दाखवली. म्हनलं, नियम म्हंजे नियम, मांगं नालीजवळ लावा, उनात."

"मग?"

"मंग काय. चारचौघात पोरीच्या बापानं सासऱ्याले मांगं लावलं. त्यानं दमनी वळवली अन् निघून गेला. पोरगी छपराखालून पाहून राह्यली होती माह्याकडं." डोमाजींनी एक चुन्याचा दगड हाताने पुसला. "तवापासून धाडली नाई. दिवाळीले नाई, आखाडीले नाई. आता त राजच दुसरं झालं."

इतकी वर्षं मी त्या दगडांना ठेचाळत होतो आणि मनातल्या मनात म्हाताऱ्याला शिव्या देत होतो. मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी डोमाजी मैदान माझ्या भरवशावर सोडून निघाले. मैदानाबाहेर ते बाजारालाही जात नसत, पण त्या आठवड्यात ते किनवटाकडची गावं पायी फिरले. प्रत्येक गावच्या चावडीवर उभे राहून एकच हाक देत होते, "राज बदललं बापा, पन तुमची जागा होती तिथंच हाये!" परत आले तेव्हा पाय सुजलेले होते. मी विचारलं, "रुखमाच्या गावात गेला होता?"

"गेलो ना. पाराजवळून हाक देली."

"घरी?"

"घरी कोन्या तोंडानं जाऊ?"

बाजाराचा दिवस उजाडला. मालक तिकिटाच्या खिडकीशी उभे होते, व्यापारी त्यांच्या शेजारी. आधी बेल्याकडच्या गाड्या आल्या, मग दक्षिणेकडच्या. पश्चिम बाजू मोकळीच होती. डोमाजी काडी घेऊन रस्त्याकडे बघत उभे होते आणि मी नुसताच त्यांच्यामागे येरझारा घालत होतो. मग रस्त्यावर धूळ दिसली. एक गाडी, तिच्यामागे दुसरी, तिच्यामागे ओळच. दुसऱ्या राज्यातली माणसं खाली उतरून हसत हसत विचारत होती, "दरोगा, आमची जागा कोनती?" जशी काही ती विसरली होती! मालकांनी व्यापाऱ्याला चहा पाजून परत पाठवलं.

मैदान भरलं. चार दगडांमधली जागा तेवढी राहिली होती. आतली घंटा व्हायची वेळ झाली आणि तेवढ्यात एक छपराची दमणी फाटकातून आत आली. हाकायला पांढऱ्या मिशांचा एक ताठ म्हातारा, मागे एक बाई आणि तिच्या मांडीवर पोर.

त्या म्हाताऱ्याने कोणाकडेच पाहिलं नाही. बैल सरळ मागच्या नालीकडे वळवू लागला.

डोमाजी पळत गेले. एवढे पळताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी कासरा धरला, दमणी निंबाखाली ओढत आणली आणि चारही दगड पायाने बाजूला लोटले.

"नियम?" व्याही म्हणाले.

"तुमच्याच गावाची जागा होय इवाई," डोमाजी म्हणाले. "रिकामीच होती."

व्याही खाली उतरले. मग रुखमा उतरली आणि तिने बापाच्या हातात पोर दिलं. डोमाजी त्या पोराला धरून जे उभे राहिले, ते उभेच राहिले. घंटा झाली. लोक आत गेले, व्याही गेले, रुखमाही पोर घेऊन गेली. दमणीचे बैल माना खाली घालून तसेच जुंपलेले होते आणि डोमाजींचे रिकामे हात अजून तसेच छातीशी धरलेले होते.

शेवटी मीच म्हणालो, "डोमाजी, बैलाचं काय?"

"अरे हो की," ते म्हणाले आणि घाईघाईने जू उतरवू लागले.

त्या दुपारी त्यांनी गोष्ट सांगितली नाही. पत्र्याला पाठ टेकून नुसते ऐकत बसले. आत हुंदके सुरू झाले तेव्हा हळूच म्हणाले, "पोरगीबी आयकून राह्यली असंल हे." मी हो म्हटलं.

खेळ सुटला. रुखमा पदराने डोळे पुसत बाहेर आली. "बा, ते बाई मेली न शेवटी."

"नाई व माय," डोमाजी म्हणाले. "म्या बाहेरून समदं आयकलं. झोप लागली तिले."

रुखमा रडता रडता हसली. व्याह्यांनी बैल जुंपले, आणि दमणी हलल्यावर मागे न बघताच म्हणाले, "आखाडीले धाडतो."

दमणी दिसेनाशी झाली तसे डोमाजी वाकले. लोटलेले चारही दगड त्यांनी एकेक करून उचलले, निंबाखाली होते तिथे नीट मांडले आणि मला म्हणाले, "पेंटर, थोडा चुना हाये का रे? जुना उडाला."